सात एके सात

३८१६५४७२९. अडतीस कोटी सोळा लाख चौपन्न हजार सातशे एकोणतीस. एखाद्या पावतीच्या कोपऱ्यात ही संख्या दिसली असती, तर मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

पण जरा अंगठ्याने शेपूट झाकून बघा. पहिले दोनच अंक उघडे ठेवले की ३८, दोनाने भाग जातो. अंगठा एक घर सरकवा: ३८१, तिनाने जातो. ३८१६ चाराने, ३८१६५ पाचाने, आणि असंच पार नवापर्यंत. १ ते ९ मधला प्रत्येक अंक एकदाच आलाय आणि भागाकारात बाकी कुठेच उरत नाही. हे नऊ अंक ३,६२,८८० तऱ्हांनी मांडता येतात. त्यात हे जमणारी ही एकटीच.

एकटीच कशी, हे काही पचेना. म्हणून एका रात्री जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडायला बसलो. पाचव्या जागी ५ शिवाय कुणी चालत नाही. दुसरी, चौथी, सहावी, आठवी ही घरं सम अंकांची, म्हणजे उरलेली आपोआप विषमांची. विषमाच्या पाठोपाठ ४ किंवा ८ आला, तर चाराने भाग जात नाही. म्हणून चौथ्या घरात २ किंवा ६. आठव्यातही तेच दोघे. मग तिनासाठी अंकांची बेरीज, आणि आठासाठी पहिल्या आठांतले शेवटचे तीन अंक. एवढ्या चाळणीतून साडेतीन लाखांवरच्या मांडण्यांपैकी शिल्लक राहतात फक्त दहा!

त्या दहांत ९८७६५४३२१ आहे, हे पाहून मी चाटच पडलो. उलटी उजळणी म्हणून दाखवावी अशी ही संख्या, आणि ती इथवर येऊन पोचलेली. १४७२५८९६३ सुद्धा आहे. फोनच्या बटणांवर पहिली रांग वरून खाली, दुसरी वरून खाली, तिसरी खालून वर अशी बोट फिरवली की ती उमटते.

आता राहिला फक्त सात. दोन, पाच, नऊ ही मंडळी शेवटच्या अंकावर नाहीतर बेरजेवर समाधान मानतात. साताच्याही कसोट्या आहेत म्हणा, पण त्यांच्यापेक्षा सरळ भागाकार परवडला. शाळेत मी अडखळायचो तोही याच पाढ्यात, त्यामुळे आमचं जुनं वाकडं आहे.

९८७६५४३ ला सातने भागलं. बाकी ५. एवढी देखणी संख्या, बाकी सगळे भाग निमूट जाणारी, आणि घोडं अडलं ते इथे. मला खरंच वाईट वाटलं. फोनवालीच्या पहिल्या सात अंकांची बाकी ६. आणखी सात जणीही अशाच गळाल्या.

मग उरली ती पावतीच्या कोपऱ्यातली. ३८ मध्ये सात पंचे पस्तीस, उरले ३. खाली १ घेतला, ३१: सात चोक अठ्ठावीस, पुन्हा ३. ३६: सात पंचे पस्तीस, उरला १. १५: सात दुणे चौदा, पुन्हा १. १४: सात दुणे चौदा, काही नाही. शेवटचा ७ खाली उतरवला.

सात एके सात.