बेल्ट तसलाच, पण आत तार

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मागच्या आवारात ३ मीटरची उघडी ईएमसी साइट आहे, म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट ३ मीटरवरून मोजायची जागा. सौर पंपाचे कंट्रोलर पुण्याला अधिकृत चाचणीला जाण्याआधी इथं तपासून घेतात. जमिनीवर गॅल्व्हनाइज्ड पत्रा, एका बाजूला टर्नटेबल आणि समोर अँटेना १ ते ४ मीटर वर-खाली नेणारा मोटरचा मास्ट, म्हणजे खांब. मास्टची जोडणी आणि देखभाल आमच्याकडे असते. मे महिन्यात, वळीव सुरू व्हायच्या आत, कारखान्याच्या मेंटेनन्सने काही किरकोळ कामं स्वतःच उरकली. त्यानंतरच्या सोमवारी रीडिंग बिघडली आणि आम्हाला फोन आला.

दर सोमवारी तिथं एक साधी तपासणी होते. टेबलावर, पत्र्यापासून ८० सेंटिमीटर उंचीवर, बॅटरीवर चालणारा कोम जनरेटर ठेवतात. दर १० मेगाहर्ट्झला एक, अशा ठरलेल्या ताकदीच्या रेषा तो सोडतो. दोन्ही पोलरायझेशनला, म्हणजे अँटेना आडवी (हॉरिझॉन्टल) आणि उभी (व्हर्टिकल) ठेवून, पूर्ण उंचीचा स्कॅन घेऊन प्रत्येक रेषेचा कमाल आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम स्टेशनं ठाण मांडून बसलेली असतात. तिथल्या रेषा धूसर मिळतात, पण बाकीचा पट्टा स्वच्छ असतो. सगळं जागेवर असेल तर आठवड्या-आठवड्यातला फरक अर्ध्या डेसिबलच्या आत राहतो.

त्या सोमवारी हॉरिझॉन्टलला फरक तेवढाच होता. व्हर्टिकलला मात्र ४० मेगाहर्ट्झला ३ डेसिबल कमी, ७० ला दीड डेसिबल जास्त, ११० ला परत साडेतीन कमी. २५० च्या वर सगळं जुन्यासारखं. सिस्पर ११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या क्लास बी ला ३ मीटरवर ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये मर्यादा ४० डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे. कंट्रोलर तिच्या दोन डेसिबल आत असेल तर आपण खूश होतो. साइटच ३ डेसिबल कमी दाखवत असेल, तर कुपवाडला पास झालेला तुकडा पुण्यात नापास होणार हे उघड आहे.

सगळ्यात आधी संशय येतो उंचीवर. अँटेनापर्यंत दोन लहरी पोचतात, एक थेट आणि एक पत्र्यावरून परतून. दोघींच्या वाटांतला फरक उंचीबरोबर बदलतो, म्हणून तर स्कॅन करायचा. हिशोब सोपा आहे. ३ मीटर अंतर, ८० सेंटिमीटरवरचा स्रोत आणि अँटेना १ मीटरवर असेल तर फरक येतो सुमारे ४९ सेंटिमीटर. ३०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी १ मीटर, म्हणजे हा फरक अर्ध्या तरंगाचा झाला. हॉरिझॉन्टलला परावर्तनात लहर उलटते, त्यामुळे दोन्ही लहरी एकमेकींना जोडून येतात आणि शिखर मिळतं. अँटेना २.४ मीटरवर नेली की फरक जवळपास पूर्ण तरंगाचा होतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीला खळगा पडतो. मास्ट कुठं आहे हे चुकीचं कळलं, किंवा तो मध्येच अडकला, तर आकडे कसेही येऊ शकतात.

पण उंची चुकली असती तर हॉरिझॉन्टलही हललं असतं, आणि २५० च्या वर तर जास्तच. तरी मोजून घेतलं, कारण मोजायला दहा मिनिटं पुरतात. अँटेनावरच्या ठरल्या खुणेपासून पत्र्यापर्यंत टेपने १, २, ३ आणि ४ मीटरला, वर जाताना आणि खाली येताना. या मास्टची खालची पुली टी-१० (दर १० मिलिमीटरला एक दात) बेल्टची, २४ दातांची आहे, म्हणजे एका फेरीत २४० मिलिमीटर. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची आणि वर्म गिअरबॉक्स ४० ला १, म्हणून वेग सेकंदाला १४४ मिलिमीटर. ३ मीटरचा प्रवास २१ सेकंदांत. उंची सांगणारा एन्कोडर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर बसवलेला, फेरीला ५०० पल्सचा, पल्सला अर्ध्या मिलिमीटरहून कमी. बेल्टने एक दात उडी मारली तर बरोबर १० मिलिमीटरची चूक दिसते आणि ती चारही उंचींवर सारखीच दिसते. इथं सगळीकडे ३-४ मिलिमीटरच्या आत होतं. उंची सुटली.

फक्त व्हर्टिकल बिघडतं तेव्हा शोधायची ती उभी धातूची वस्तू. आडव्या विद्युतक्षेत्राला उभी तार जवळजवळ दिसतच नाही, उभ्याला दिसते. मास्टमध्ये उभं काय काय असतं? खांब १०० बाय १०० मिलिमीटरच्या एफआरपी (काचतंतूंचं प्लास्टिक) चौकोनी पाइपचा, त्यात धातू नाही. खांबावर सरकणारी कॅरेज अॅसिटल या कडक प्लास्टिकची, अँटेना धरणारा आडवा बूम एफआरपीचा, बोल्ट नायलॉनचे. पोलरायझेशन बदलायला हवेचा सिलिंडर, तोही प्लास्टिकचा, त्याला ६ बार हवा प्लास्टिकच्या नळीतून. वर वायर जाऊ नये म्हणूनच हवेचा खटाटोप. लिमिट स्विचही वर नाहीत. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर कॅमचे स्विच आहेत, ते खालीच. मोटर, गिअरबॉक्स आणि पॅनेल असलेला लोखंडी पाया ३५ सेंटिमीटर उंच आणि पत्र्याला चार ठिकाणी जोडलेला. तो पूर्वीपासून तसाच आहे, त्याने नवं काही घडायचं कारण नाही.

उरली अँटेनाची केबल. व्हर्टिकलच्या तक्रारींत दहातल्या आठ वेळा तीच गुन्हेगार असते. अँटेनाच्या मागच्या टोकाकडून ती बूमबरोबर आडवी मागे जाऊन मगच खाली उतरायला हवी. कुणी घाईत अँटेनाजवळून सरळ खाली सोडली की ती अँटेनाचाच एक हात होऊन बसते. इथं केबल नीट होती, तिच्यावरून वाहणारा नको तो प्रवाह अडवणारे फेराइटचे मणी जागेवर होते. तरी आणखी चार फेराइट चढवून आणि केबल अर्धा मीटर मागे सरकवून पाहिलं. आकडे पाव डेसिबलही हलले नाहीत.

मग अँटेनाचा बालन, म्हणजे अँटेनाचे दोन हात केबलला समतोल जोडणारा भाग. तपासायची रीत अशी: व्हर्टिकलमध्ये मोजायचं, मग अँटेना १८० अंशांत उलटी करून परत मोजायचं. सिस्पर १६-१-४ या मानकानुसार दोन्हींत १ डेसिबलहून जास्त फरक नको. आमच्याकडे पाऊण डेसिबलच्या आतच राहिला. अँटेनाही सुटली.

तोवर मेंटेनन्सच्या फिटरमामांकडे काय काय बदललं याची यादी मागितली होती. पायाची दोन चाकं, गिअरबॉक्सचं तेल, कॅरेजचे दोन रोलर आणि बेल्ट. बेल्ट का, तर जुन्याच्या दातांच्या मुळाशी चिरा गेल्या होत्या. ते बरोबरच होतं, उन्हात राहणाऱ्या पॉलियुरेथेनला तीन-चार वर्षांत चिरा जातात. "साहेब, बेल्ट तसलाच हाय की. दात मोजून, रुंदी मोजून आणलाय. उलट जुन्यापेक्षा दणकट हाय." मामांचं काहीच चुकलं नव्हतं. टी-१०, २५ मिलिमीटर रुंद, पांढरा, उघड्या टोकांचा. यंत्रावर चढवायला तो जुन्यापेक्षा खरंच चांगला.

पॉलियुरेथेनच्या टायमिंग बेल्टमध्ये ताण घेणारे दोर असतात. बाजारात सर्रास मिळतो त्यात पोलादी तारा असतात. ईएमसी मास्टला केव्हलार, म्हणजे अरामिड दोरांचा लागतो. बाहेरून दोन्ही सारखेच. कापलेल्या टोकाकडे नीट पाहिलं तर पोलादाचे चकाकणारे ठिपके दिसतात, अरामिडचे पिवळसर तंतू पिंजारलेले दिसतात. पण टोकं कॅरेजच्या क्लॅम्पमध्ये दाबलेली असतात, कोण बघणार? चुंबक लावला, चिकटला. खात्रीसाठी क्लॅम्पची पट्टी काढून मल्टिमीटर बीपवर ठेवला. उघड्या टोकांच्या बेल्टमधले दोर सरळ, एकमेकांना समांतर जातात आणि दोन्ही टोकं कॅरेजवरच येतात, त्यामुळे एकाच दोराच्या दोन टोकांना सुया टोचणं सोपं आहे. बीप वाजला. म्हणजे अँटेनाच्या मागे जेमतेम दीड मीटरवर, वर-खाली अशा दोन पदरांत, साडेआठ मीटर पोलादी तार उभी होती.

पुलींमधलं अंतर ४.३ मीटर. साधारण ३५ मेगाहर्ट्झला एवढी लांबी म्हणजे अर्धा तरंग, आणि त्याच्या तिपटीला, १०५ च्या आसपास, तार परत जोरात बोलते. पत्रा आणि लोखंडी पाया जवळ असल्याने नेमके आकडे इकडेतिकडे सरकतात. पण ४० आणि ११० ला दिसलेले खड्डे याच घरातले. २५० च्या वर अँटेनाचा लॉग-पिरियॉडिक भाग काम करतो, तो पुढे पाहतो आणि पाठीमागचं त्याला कमी दिसतं.

पुरावा हवा म्हणून कॅरेज नायलॉनच्या खिट्टीने १ मीटरला अडकवली, त्या जागी रीडिंग घेतली, बेल्ट पूर्ण काढला आणि तिथंच परत घेतली. ४० मेगाहर्ट्झची रेषा ३ डेसिबल वर आली. इथं एक सूचना: वर्म गिअरबॉक्स बेल्टमार्फतच भार धरतो. बेल्ट काढण्याआधी खिट्टी घातली नाही तर अँटेना, बूम आणि कॅरेज मिळून आठेक किलो सरळ पत्र्यावर येतं. मोडलेल्या अँटेनाचं कॅलिब्रेशनही गेलं, हे वेगळं सांगायला नको.

कारखान्याच्या इंजिनिअरांचा प्रश्न रास्त होता: फरक कळलाच आहे तर तेवढी दुरुस्ती आकड्यांत धरून काम चालू ठेवू का? नाही चालत. अँटेना वर-खाली होते, तार जागेवर राहते. अँटेना आणि तार यांचं नातं प्रत्येक उंचीला वेगळं, आणि कंट्रोलरची केबल कशी पडली आहे त्यावरही शिखराची उंची बदलते. कोम जनरेटरला लागू पडणारी दुरुस्ती कंट्रोलरला लागू पडेलच असं नाही.

अरामिडचा बेल्ट मागवावा लागतो, दुकानात उभ्या उभ्या मिळत नाही. तोवर काम अडू नये म्हणून वरच्या पुलीच्या जागी अॅसिटलची साधी खाचेची पुली बसवली आणि ८ मिलिमीटरच्या पॉलिएस्टर दोरीने कॅरेज हाताने ओढायची सोय केली. नायलॉनची दोरी घेऊ नये, ती भाराखाली ताणली जाते आणि रात्रभरात अँटेना खाली सरकते. खांबावर खुणा १० सेंटिमीटरला एक. २५ च्या पायऱ्या घेतल्या तर खालच्या फ्रिक्वेन्सीला चालून जातं, पण १ गिगाहर्ट्झला खालच्या उंचीवर शिखर आणि खळगा यांच्यात जेमतेम ३३ सेंटिमीटर असतात, शिखर हुकतं.

नवा बेल्ट चढवताना चार गोष्टी पाहिल्या. अरामिडच्या बेल्टला कुठंही तीव्र घडी पडू द्यायची नाही, आतले तंतू तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. गुंडाळी मोठ्या व्यासाचीच ठेवायची. क्लॅम्पच्या दातेरी पट्टीत प्रत्येक टोकाचे किमान आठ दात. क्लॅम्पचे बोल्ट नायलॉनचे असल्याने एकदम आवळायचे नाहीत, थोडे थोडे, आलटूनपालटून. नायलॉन भाराखाली हळूहळू सैल होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी परत आवळायचे. ताण असा, की पूर्ण भारासह वर जाताना मोटर अचानक थांबवली तरी दात उडी मारणार नाही. मग दिवसभर वर-खाली चालवून ताण पुन्हा तपासला, चारही उंची टेपने मोजल्या आणि एन्कोडरचा शून्य नव्याने लावला. सगळ्यात खालचा कॅम स्विच व्हर्टिकलमध्ये तपासायचा. अँटेनाचं खालचं टोक पत्र्यापासून किमान २५ सेंटिमीटर वर राहायला हवं, आणि हॉरिझॉन्टलमध्ये हे कळत नाही.

कोम जनरेटरचे आकडे जुन्या रजिस्टरशी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळले. ७० ला मात्र अजून पाऊण डेसिबलचा फरक होता. तो नव्या रोलरांनी दिला. मामांनी बसवलेल्या रोलरांना मधे पोलादी बेअरिंग होती, ते बारीक, त्यांचा दोष नव्हता. पण ते रोलर कास्ट नायलॉनचे होते आणि जुन्यांपेक्षा मिलिमीटरने लहान, त्यामुळे कॅरेज थोडी पुढे झुकली होती. ५ किलोची अँटेना १.२ मीटर पुढे लटकते, म्हणजे ५९ न्यूटन-मीटरचा मोमेंट, आणि तो ३० सेंटिमीटर अंतरावरच्या रोलरांवर प्रत्येकी जवळपास २०० न्यूटनने येतो. झुकण्याला तेवढं पुरतं. नायलॉनची दुसरी तक्रार पावसाळ्यात येते. तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि मेमध्ये मोकळी फिरणारी फिट जुलैत आवळून बसते. मग कॅरेज धक्क्याधक्क्याने चढते आणि बेल्ट दात सोडायला लागतो. अॅसिटल ओल फारच कमी घेतो. कुपवाडमधल्याच एका लेथवाल्याकडून अॅसिटलचे रोलर टर्न करून घेतले आणि नायलॉनचे काढून टाकले.

आता स्टोअरच्या खरेदी नोंदीत बेल्टपुढे फक्त "टी-१०, २५ मिमी" नाही. "अरामिड दोर, उघडी टोकं, ९ मीटर, पोलादी दोर चालणार नाही" असं लिहिलंय, आणि माल आला की चुंबक आणि मल्टिमीटर लावूनच तो आत घ्यायचा असं ठरलंय. पोलादी बेल्ट मामांनी फेकला नाही. तो कन्व्हेअरला बसला.