‘असं पेज आढळलं नाही’ म्हणे!

‘कॉपीराइटचा भंग झाल्याने तुमचं अकाउंट 24 तासांत बंद होईल, हरकत नोंदवा.’ इन्स्टाग्रामच्या नावाने फिरणारा हा मेसेज ओळखायला फारसं डोकं लागत नाही. डीएममध्ये आला असेल तर खोटाच. खात्याबद्दल काही सांगायला इन्स्टाग्राम डीएम करत नाही. ईमेल असेल तर अ‍ॅपच्या अकाउंट्स सेंटरमध्ये ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘रिसेंट ईमेल्स’ उघडायचं. गेल्या 14 दिवसांत कंपनीने खरोखर पाठवलेले मेल तिथे दिसतात. तुमचा मेल त्यात नाही? मग विषय संपला.

घोडं अडतं ते त्या मेसेजमधल्या लिंकवरची बनावट साइट बंद पाडताना. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणत्या कंपनीकडे नोंदवलंय आणि तक्रार कुठे करायची, हे आयकॅन या डोमेन-नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या लुकअपवर सापडतं. तिथवर ठीक. पण तक्रारीत ती लिंक जशीच्या तशी टाकली की मेल परत येतो, कारण त्या नोंदणी कंपनीचाच स्पॅम फिल्टर ती अडवतो. फिशिंगच्या, म्हणजे खोट्या साइटवरून पासवर्ड लाटण्याच्या, तक्रारी घेण्यासाठी ठेवलेल्या पत्त्यावर हा फिल्टर कोणी लावला, देव जाणे. तेव्हा लिंकमधला प्रत्येक डॉट चौकोनी कंसात घालायचा आणि सुरुवातीच्या एचटीटीपीतल्या दोन टींच्या जागी दोन एक्स लिहायचे.

मग उत्तर येतं: असं पेज आढळलं नाही, तक्रार बंद. आणि इकडे ते पेज लोगोसकट पासवर्डची वाट बघत उभं!

गोम अशी की ही पेजेस समोरचा ब्राउझर मोबाइलचा आहे का, आयपी कोणत्या देशाचा आहे, हे आधी तपासतात. नको असलेला पाहुणा आला की कोरं पान दाखवतात किंवा सरळ खऱ्या इन्स्टाग्रामवर पाठवतात. तपासणारा डेस्कटॉपवर, तोही परदेशात. त्याला काय दिसणार, कप्पाळ? म्हणून ‘भारतातून, फक्त मोबाइलवर दिसतं’ हे पहिल्याच ओळीत लिहा. लिंक पूर्ण द्या, डोमेननंतरच्या शेपटीसकट, कारण नुसत्या डोमेनवर बहुधा काहीच नसतं. वेळ देताना भारतीय प्रमाणवेळ असं नमूद करा. स्क्रीनशॉटमध्ये अ‍ॅड्रेस बार दिसलाच पाहिजे.

पेज स्वतःच्या फोनवर उघडायची गरज नाही. यूआरएलस्कॅन या लिंक तपासणाऱ्या साइटवर मोबाइलचा यूजर एजंट (ब्राउझरची ओळख) निवडून पेजचं चित्र मिळतं, आणि त्या निकालाची लिंक तक्रारीला जोडता येते. मात्र मूळ लिंकच्या शेवटी तुमचा ईमेल पत्ता चिकटलेला असेल तर आधी काढा, आणि स्कॅन ‘अनलिस्टेड’, म्हणजे जाहीर यादीत न दिसणारा, ठेवा. त्याच बैठकीत गुगल सेफ ब्राउझिंगचा फॉर्मही भरून टाका. त्यांनी साइट यादीत घेतली की क्रोममध्ये लाल इशारा झळकतो. साइट चालू राहिली तरी बरेच लोक तिथूनच मागे फिरतात.

मूळ मेल इन्स्टाग्रामच्या फिशिंग तक्रारीच्या पत्त्यावर पाठवायचा तर कॉम्प्युटरवरच्या जीमेलमधून ‘फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट’ करा. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या नोंदी, गळतात, आणि स्क्रीनशॉटमध्ये ते नसतातच.

हो, एक राहिलं. बनावट फॉर्म पासवर्डनंतर 8 आकडी बॅकअप कोड मागतो. तो मिळाला की टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप, असून नसल्यासारखं. कोणी देऊन बसलं असेल तर पासवर्ड बदलून बाकीची सगळी उपकरणं लॉग-आउट करायची आणि नवे कोड काढायचे, म्हणजे जुने बाद होतात. पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.