तुम्ही विचारलंत म्हणून: या दाखल्यात मी कोण?

"ताई, दाखले सगळे पाठ आहेत, पण सोमवारी सकाळी त्यांचं करायचं काय?" येशूच्या दाखल्यांबद्दल, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथांबद्दल, तरुण मुलींच्या बायबल अभ्यासात हा प्रश्न इतक्यांदा आला आहे की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा दुसरा प्रश्न येतो, जरा दबक्या आवाजात. कुठलाही दाखला वाचला की मी त्यात मूर्ख कुमारी निघते, नाहीतर काटेरी जमीन, नाहीतर धन्याचा पैसा पुरून ठेवणारा दास. चांगल्या बाजूला मी कधी सापडतच नाही, असं का?

दुसऱ्याचं उत्तर सापडलं की पहिला बराच सोपा होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दाखला उघडला की आपण थेट "यात मी कोण" यावर येतो. त्याआधी एक गोष्ट बघून घ्यायची असते: येशूने हा दाखला कोणाला सांगितला आणि कशावरून सांगितला. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची आहेत, त्यांपैकी लूकने तर हे बऱ्याचदा लिहूनच ठेवलं आहे. पंधराव्या अध्यायात हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि उधळा पुत्र असे तीन दाखले ओळीने येतात, पण अध्यायाची पहिली दोन वचनं परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) आणि शास्त्री (नियमशास्त्राचे पंडित) यांच्या कुरकुरीची आहेत. हा पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्या पंगतीला बसतो, ही त्यांची तक्रार. तिन्ही दाखले त्या तक्रारीला दिलेलं उत्तर आहे. परुशी आणि जकातदाराचा (कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी) दाखला स्वतःला नीतिमान समजून इतरांना तुच्छ लेखणाऱ्यांना सांगितला, असं लूक 18:9 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. चांगल्या शोमरोन्याचा (वाटेत घायाळ पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या जमातीतल्या माणसाचा) दाखला ऐकणारा नियमशास्त्राचा जाणकार होता, आणि त्याला "माझा शेजारी कोण" याची सीमा आखून हवी होती. जुन्या करारातही हीच रीत दिसते. नाथान संदेष्ट्याने गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली ती दावीद राजाला. दावीद त्या श्रीमंतावर भडकला, तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. दावीदाने जिला आपल्याकडे आणवलं आणि जिच्या नवऱ्याला मारवलं, त्या बथशेबेला नाथानाने गोष्ट सांगितली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दाखल्याचं बोट बहुधा ज्याच्या हातात सत्ता, मान किंवा धर्माची किल्ली आहे त्याच्याकडे असतं. आपण मात्र ते उचलून वर्गातल्या सगळ्यात कमी आवाज असलेल्या मुलीकडे वळवतो. पुढे ती स्वतःच ते स्वतःकडे वळवायला शिकते आणि त्यालाच भक्ती म्हणते.

लूक 7 मध्ये हे फार स्पष्ट दिसतं. शिमोन नावाच्या परुश्याच्या घरी येशू जेवायला बसला आहे. गावात पापी म्हणून नाव झालेली एक स्त्री आत येते, रडते, त्याचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते, त्यांना सुगंधी तेल लावते. शिमोन मनातल्या मनात दोघांनाही मोडीत काढतो. येशू एक छोटा दाखला सांगतो: एकाचं 500 दिनार कर्ज, दुसऱ्याचं 50, सावकाराने दोघांचंही माफ केलं, तर जास्त प्रेम कोण करील? दाखला शिमोनला उद्देशून आहे. ती स्त्री तिथेच आहे, ऐकते आहे, आणि तिला कुठलाही धडा दिला जात नाही. येशू शिमोनला विचारतो, ही स्त्री तुला दिसते का? तिला तो म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, शांतीने जा. कुठलाही दाखला वाचताना आपण शिमोनच्या जागी आहोत की तिच्या, हे आधी ठरवावं लागतं. आज एका जागी असू, उद्या दुसऱ्या. मैत्रिणीच्या फोटोवर मनातल्या मनात शेरा मारताना मी शिमोन असते, आणि तेव्हा दाखल्याने मला टोचलंच पाहिजे.

आता दहा कुमारींकडे येऊ, कारण मुलींचं शिबिर असलं की हा दाखला ठरलेला. त्यावरून लग्न, शील, योग्य जोडीदाराची वाट पाहणं असं सगळं सांगितलं जातं. मत्तय 25 शांतपणे वाचा. यात वधू दिसतच नाही. या मुलींचं स्वतःचं लग्न नाहीच, त्या वराला सामोऱ्या जायला निघाल्या आहेत. विषय प्रभूच्या येण्याचा आहे, आणि ऐकणारे शिष्य आहेत. वराला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणी झोपल्या, शहाण्यासुद्धा. झोपेबद्दल कोणालाच बोल लावलेला नाही, हे अभ्यास, नोकरी आणि मंडळीची (चर्चची) कामं यांत पिचून निघालेल्या मुलींना मी मुद्दाम दाखवते. फरक तेलाचा आहे: पाच शहाण्यांनी दिव्यांसाठी जादा तेल घेतलं होतं, पाच मूर्ख कुमारींनी नाही. आणि शहाण्या कुमारी तेल वाटून द्यायला चक्क नकार देतात, तरी येशू त्यांना शहाण्याच म्हणतो. काही गोष्टी मैत्रिणीच्या वतीने आपल्याला बाळगता येत नाहीत. तिच्यासाठी प्रार्थना करता येते, तिच्या वतीने विश्वास ठेवता येत नाही. मध्यरात्रीपर्यंत दुसऱ्यांची दुःखं फोनवर वाहणाऱ्या मुलींना हे वाक्य ऐकायला जड जातं.

क्षमा न करणाऱ्या दासाच्या दाखल्यावर मात्र मला जरा रेंगाळायचं आहे, कारण याच्याइतका उलटा वापर क्वचितच दुसऱ्या कुठल्या दाखल्याचा होत असेल.

मत्तय 18 मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू ती मोजणीच मोडून काढतो आणि दाखला सांगतो. राजाच्या दासावर 10,000 तालांत कर्ज आहे. एका तालांताचे साधारण 6,000 दिनार होत, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, कोणाच्या बापजन्मी न फिटणारी. राजा ती सोडून देतो. तोच दास बाहेर पडून 100 दिनारांसाठी सोबतीच्या दासाचा गळा धरतो. आपण लगेच म्हणतो, बघा, केवढ्याशा रकमेसाठी! पण 100 दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. राजाने सोडलेल्या कर्जापुढे ती काहीच नाही, पण हातावर पोट असलेल्या माणसासाठी ती मोठी रक्कम आहे. तुमचं दुखणं क्षुल्लक आहे असं हा दाखला कुठेही म्हणत नाही.

आणि मग तो कोणाला ऐकवला जातो? जिला मारहाण झाली तिला. जिच्याशी मंडळीतल्या एखाद्या मान्यवराने गैर वर्तन केलं तिला. जिचा साखरपुडा मोडला आणि बदनामीही तिच्याच वाट्याला आली तिला. "क्षमा कर आणि विसरून जा." दाखल्यात गळा कोणाच्या हातात आहे ते बघा. जो दुसऱ्याचा गळा धरून उभा आहे, दाखला त्याच्यावर आहे. शिवाय याच अध्यायात, थोडं आधी, 15 ते 17 या वचनांत येशू सांगतो की भावाने अपराध केला तर त्याला त्याचा अपराध दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे, तरीही नाही तर मंडळीला सांग. एकाच अध्यायात दोन्ही आहेत. क्षमेच्या नावाखाली गप्प बसवणारे लोक पाच-सहा वचनं गाळून वाचतात. मी माझं मत स्पष्ट सांगते: जिथे जिवाला किंवा शरीराला धोका आहे तिथून आधी बाहेर पडा, विश्वासातल्या माणसाला सांगा, गरज पडली तर पोलिसांकडे जा. सूड सोडून देणं म्हणजे पुन्हा त्याच घरात राहायला जाणं असं दाखल्यात कुठेही लिहिलेलं नाही. आणि सूड सोडायलाही वेळ लागतो, तो घ्या.

मग हा दाखला रोजच्या जगण्यात कुठे लागू करायचा? जिथे माझा हात दुसऱ्याच्या गळ्यावर आहे तिथे. धाकट्या बहिणीच्या जुन्या चुकीचा दाखला प्रत्येक भांडणात काढणं. मैत्रिणीने माफी मागूनही महिनाभर अबोला धरून तिला तिष्ठत ठेवणं. हाताखाली काम करणाऱ्या मुलीला एका चुकीवरून कायमचं नालायक ठरवणं. इथे आपण राजाकडून आत्ताच बाहेर आलेले असतो.

लूक 18 मधली विधवा मला फार आवडते. गावात एक न्यायाधीश आहे, त्याला देवाची भीती नाही आणि माणसांची पर्वा नाही. ही बाई रोज त्याच्या दारात उभी: माझ्या प्रतिवाद्याविरुद्ध मला न्याय दे. विधवेला छळू नका असं जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात स्वच्छ लिहिलेलं असताना तिला दारात ताटकळावं लागतंय. शेवटी तो वैतागून न्याय देतो. येशू हा दाखला सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये यासाठी सांगतो. यातून काही मुली असा अर्थ काढतात की देवाला भंडावून सोडलं तरच तो ऐकतो. खरं तर देव त्या न्यायाधीशासारखा नाही, हाच मुद्दा आहे. असला माणूसही जर हलतो, तर देव आपल्या निवडलेल्यांचं किती अधिक ऐकेल!

पण मला त्या बाईचं दुसरंही काही दिसतं. तिची प्रार्थना आणि तिचं न्याय मागणं वेगळं काढता येत नाही. दाखल्याच्या शेवटी येशू विचारतो, मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? म्हणजे विश्वास कसा दिसतो याचं चित्र म्हणून त्याने आपल्यापुढे उभी केली ती एक हक्क मागणारी, लोकांना चिकट वाटेल अशी बाई. "चांगली ख्रिस्ती मुलगी" म्हणजे कमी बोलणारी, असं ज्यांच्या मनावर लहानपणापासून ठसवलं आहे त्यांनी हा दाखला मोठ्याने वाचावा. पगार अडकला असेल तर तो मागा. वरिष्ठाचं वागणं चुकीचं असेल तर लेखी तक्रार करा. ती लिहिण्याआधी प्रार्थना करा आणि पाठवल्यावरही करा.

मंडळीतल्या कर्तबगार मुलींसाठी आणखी एक. संडे स्कूल यांच्याकडे, गायनवृंद यांच्याकडे, उपासनेनंतर खुर्च्या उचलायच्याही यांनीच. त्यांना उधळा पुत्र परका वाटतो आणि ते खरंच आहे, त्यांचा दाखला थोरल्या भावाचा. सगळं उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, आणि थोरला रागावून बाहेरच थांबतो. इतकी वर्षं मी राबतोय आणि मला एक करडूही मिळालं नाही, हे त्याचं वाक्य कित्येकींच्या मनात असतं, फक्त म्हणवत नाही. बाप धाकट्याकडे धावत गेला हे सगळ्यांना आठवतं. तो मेजवानी सोडून थोरल्याची समजूत घालायलाही बाहेर आला होता, हे कमी जणींना आठवतं. थोरला आत गेला की नाही ते लूक सांगत नाही. तुम्ही थकला असाल तर थकले म्हणा, एखादं काम दुसरीला द्या आणि थोडा वेळ नुसत्या मेजवानीला बसा.

तालांतांच्या दाखल्याबद्दल थोडक्यात. धनी तीन दासांकडे पैसा सोपवून जातो, दोघे तो वाढवतात, तिसरा पुरून ठेवतो. हा दाखला बहुधा अंगच्या कलागुणांना लावला जातो. तिसऱ्या दासाला बुडवलं ते त्याच्या भीतीने. तू कठोर माणूस आहेस हे मला ठाऊक होतं, असं तो धन्याला म्हणतो, जरी धन्याने त्याच्याही हाती अवाढव्य रक्कम विश्वासाने सोपवली होती. तेव्हा आपल्यात कोणती कला कमी आहे हे मोजत बसण्याआधी आपल्या मनात देवाचा चेहरा कसा आहे ते तपासा. तो सतत लाल पेन घेऊन बसलेला असेल तर तुम्हीही पुरूनच ठेवाल.

"रोज किती वाचायचं?" असंही विचारता. एका आठवड्याला एक दाखला पुरे. आधीची दहा वचनं वाचा, कोणाला सांगितलं ते शोधा, यात आज माझ्या हातात कोणाचा गळा आहे की मीच दारात उभी आहे ते बघा, आणि त्यावरून करण्यासारखं एकच काम ठरवा, नाव आणि वार घालून. एखादा आठवडा कोरा गेला तर मार्क 4:26 पासूनची चार वचनं वाचा. तिथला माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याला कळतही नाही. हा दाखला फक्त मार्कमध्ये आहे आणि स्वतःवर फार कडक असणाऱ्या मुलींनी तो शोधून ठेवावा.

सुरुवात कुठून करायची ठरत नसेल तर लूक 7:36 ला करा आणि अध्याय संपला म्हणून थांबू नका. आठव्याच्या पहिल्या तीन वचनांत मग्दालीया मरिया, खुजाची बायको योहान्ना आणि सुसान्ना यांची नावं येतात. येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या आणि स्वतःच्या पैशातून त्या कामाचा खर्च चालवणाऱ्या स्त्रियांपैकी या तिघी. चौथ्या वचनापासून पेरणाऱ्याचा दाखला सुरू होतो. तो वाचताना ऐकणाऱ्यांच्या गर्दीत त्याही होत्या असं धरून वाचा.