पंचवीस लिटर

प्लास्टिकचा पंचवीस लिटरचा कॅन रिकामा असतो तेव्हा लहान मूलही उचलतं. भरला की तो सव्वीस किलोच्या आसपास जातो आणि सगळं वजन चार बोटांवर येतं. डोक्यावरच्या हंड्याचा भार मणक्यातून सरळ खाली उतरतो. कॅन माणसाला एका अंगाला ओढतो आणि पावलागणिक मांडीवर आपटतो. कडी पातळ असेल तर थोड्याच अंतरात तळहातावर वळ उठतात, म्हणून तिच्यावर चिंधी गुंडाळायची किंवा रबरी नळीचा तुकडा चढवायचा. झाकणाची चकती हरवली तर वाटभर पाणी गळतं. कॅन अर्धवट भरला तर पाणी आत हिंदकळतं आणि चालणाऱ्याचा तोल जातो. काठोकाठ भरून कडाक्याच्या थंडीत रात्रभर बाहेर ठेवला तर तो फुटतो, कारण पाण्याचं बर्फ झालं की ते फुगतं.

बोस्नियाच्या राजधानीत, सारायेवोत, हे शास्त्र युद्धाची जवळपास चार वर्षं घरोघरी पाठ होतं. एप्रिल १९९२मध्ये शहराला वेढा पडला आणि तो संपला २९ फेब्रुवारी १९९६ला. शहराचं पाणी मुख्यतः इलिजाजवळच्या बाचेवोच्या विहिरींतून यायचं आणि तो भाग वेढा घालणाऱ्या बोस्नियन सर्ब फौजांच्या हातात होता. पंप विजेवर चालत. शहर तहानेलं ठेवायला विहिरी बुजवाव्या लागल्या नाहीत, वीज तोडली की झालं.

मग माणसं निघायची शहरातल्याच बिस्त्रिक भागाला. तिथला बीअरचा कारखाना १८६४चा, आणि त्याच्याकडे स्वतःचं भूजल होतं. रांग लांब, आणि रांग म्हणजे डोंगरावरच्या तोफेला आयतं लक्ष्य. १५ जानेवारी १९९३ला तिथल्या रांगेवर गोळा पडून आठजण मेले. त्याच वर्षी १२ जुलैला डोब्रिन्या या वस्तीत पंपापाशी थांबलेली डझनभर माणसं गेली. त्यानंतरही रांगा लागत राहिल्या, कारण घरातला कॅन रिकामाच होता.

शूरपणा म्हटला की आपल्याला उपसलेली तलवार दिसते. इथे तो बराचसा तोंडी हिशेबाचा होता. भरलेला कॅन घेऊन पळता येत नाही. चौक उघडा असेल तर पाच लिटरचे दोन कॅन दोन्ही हातांत घेऊन धावता येतं, पण मग खेपा वाढतात आणि प्रत्येक खेपेला तोच चौक पुन्हा ओलांडावा लागतो. धुकं पडलं तर बरंच, कारण दबा धरून बसलेल्या नेमबाजाला दिसत नाही. बाबागाडीवरून बाळ उतरलं आणि कॅन चढले. बर्फ पडल्यावर मुलांच्या घसरगाड्या बाहेर निघाल्या. लिफ्ट बंदच, त्यामुळे दहाव्या मजल्यावर राहणाऱ्यांची खरी कसोटी घरी पोचल्यावर सुरू व्हायची.

घरातही पाण्याला क्रम होता. आधी पिणं आणि स्वयंपाक. तोंड धुतलेलं पाणी परातीत धरायचं, त्यात कपडे भिजवायचे, मग त्याच पाण्याने फरशी पुसायची आणि उरेल ते संडासात. जुन्या टाकीला एका वेळी नऊ लिटर लागत असतील तर पुरता कॅन तीन वेळाही पुरत नाही. त्यामुळे बादलीतून एका झटक्यात ओतायचं, तेवढं काम निम्म्या पाण्यात होतं. पाऊस आला की पन्हळीखाली घरातलं प्रत्येक भांडं मांडायचं. पाणी पुरवून वापरण्याचा हा क्रम दुष्काळी भागातल्या कुठल्याही मराठी बाईला नव्याने शिकवावा लागणार नाही. चौकातल्या गोळीचं मात्र तसं नाही.

बाहेरचे लोक तेव्हा तिथेच होते, आणि हेच जास्त टोचतं. संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षण दलाचे पहिले सेनापती आपलेच, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. पण बोस्नियात या दलाला हुकूम होता तो मदतीच्या ताफ्यांना सोबत करण्याचा. रांगेतल्या माणसांना वाचवणं त्यात बसत नव्हतं. लष्करी निरीक्षक पडणारे गोळे मोजत. २२ जुलै १९९३ला एका दिवसात ३,७७७ गोळे पडल्याची नोंद आहे. इतकी बिनचूक मोजणी, आणि तोफा मात्र जागच्या जागी! विमानतळही याच दलाच्या ताब्यात. रात्री धावपट्टी ओलांडून शहराबाहेर पळणाऱ्यांवर गस्तीच्या गाड्या झोत टाकत आणि त्यांना परत शहरात सोडत. शेवटी लोकांनी धावपट्टीखालून सुमारे आठशे मीटरचा बोगदा खणला. १९९३च्या जुलैअखेर तो सुरू झाला.

३१ डिसेंबर १९९२ला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुट्रोस घाली शहरात आले. याहून वाईट स्थितीतल्या दहा जागा मी दाखवू शकतो, असं त्यांनी पत्रकारांना ऐकवलं. यादी कदाचित खरीही असेल. पण समोरच्या जागेवर हात हलत नसताना बाकीच्या दहा मोजून कुणाचा कॅन भरणार होता?

सगळेच असे नव्हते, हेही सांगायला हवं. टेक्ससचे, संकटात मदतकार्य उभारणारे फ्रेड क्यूनी यांनी पाणी शुद्ध करणारी यंत्रणा विमानाच्या पोटात जेमतेम मावेल अशा बेताने बांधून आणली आणि गोळ्यांपासून वाचवायला रस्त्याच्या बोगद्यात बसवली. पाणी उचललं मिल्यात्स्का नदीतून.

२००७मध्ये सारायेवोत आंतरराष्ट्रीय समुदायाचं स्मारक उभं राहिलं. मदतीत येणाऱ्या डबाबंद गोमांसाचा भलामोठा डबा, आणि खाली सारायेवोच्या कृतज्ञ नागरिकांची सही. ते मांस कुत्री-मांजरंही खात नसत, असं तिथले लोक अजून सांगतात.