ऊन आणि गेरेचा रंग

‘ताई, आईची सिकाई सुरू आहे. पोरांना तिच्याजवळ झोपू दिलं तर चालेल ना?’ कॅन्सरच्या ज्या किरणोपचाराला महाराष्ट्रात शेक किंवा लाइट म्हणतात, ती आमच्या इंदुरात सिकाई. मी अणुवैद्यक विभागात काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला पंगतीत वाढतानासुद्धा विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

रामबागेत एका घरी आजींना भेटायला गेले होते. छातीच्या गाठीसाठी त्यांची मशीनवरची सिकाई चालू होती. ताट-वाटी वेगळी, फुलपात्र वेगळं. चार वर्षांची नात उंबऱ्यावर उभी, आणि आजी पलंगावरून तिला नुसता हात हलवून दाखवत होत्या. मला ते बघवलं नाही.

रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, खेळून आलेला माणूस दाराला, खुर्चीला, ज्याला शिवेल त्याला रंग लावतो. पण उन्हातून आलेला माणूस घरात ऊन आणत नाही. मशीनमधले किरण म्हणजे ऊन. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. किरणोत्सारी कोबाल्टच्या मशीनमध्येही कोबाल्ट पेटीतच राहतो, आजींपर्यंत पोचतात ते फक्त त्याचे गॅमा किरण. किरणोत्सारी पदार्थ स्वतः अंगात गेला, तर मात्र तो गेरेचा रंग.

असा पदार्थ म्हणजे ज्याचं अणुकेंद्र अस्थिर आहे आणि स्थिर होताना काहीतरी बाहेर फेकतं: अल्फा, बीटा किंवा गॅमा. १८९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बेक्वेरेलला युरेनियमच्या क्षारात हे प्रथम दिसलं. अल्फा कण म्हणजे दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. जड असल्यामुळे साध्या कागदानेही अडतो. म्हणून तो निरुपद्रवी समजू नका. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरत. ते रेडियम हाडांत जाऊन बसलं आणि कित्येकींचा जीव गेला. कातडीबाहेर जो काही करू शकत नाही, तोच अल्फा आत गेल्यावर सगळ्यात वाईट.

बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. गॅमा हा कण नव्हे, प्रकाशाचाच जास्त ऊर्जेचा भाऊबंद; त्याला अडवायला शिसं लागतं.

थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आम्ही आयोडीन-१३१ देतो, त्यात बीटा आणि गॅमा दोन्ही असतात. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, आणि बीटा तिथल्या तिथे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरात, आपलं काम करतो. गॅमा मात्र अंगाबाहेर पडतो. असा पेशंट दारात आला की माझ्या हातातलं किरण मोजायचं मीटर कडकड वाजायला लागतं. आयोडीनचं अर्धायुष्य ८ दिवस: ८ दिवसांनी निम्मं, १६ दिवसांनी पाव. शिवाय बरंचसं लघवीवाटे जातं, म्हणून भरपूर पाणी प्या, दोनदा फ्लश करा, लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून सांगितलेले दिवस लांब राहा, असं आम्ही बजावतो. अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा साधारण चौथाई होते. इथे वेगळं राहणं हा उपचाराचाच भाग आहे. त्यात हयगय नको.

तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा: मशीनने बाहेरून दिलं, की काही अंगात दिलंय? रामबागेत मी सुनेला एवढंच विचारलं. तिने फाइल काढून दाखवली, आणि उंबऱ्यावरच्या नातीला मीच हाताला धरून पलंगापाशी नेलं.