'टी' नसलेली डायल

बाईंनी घड्याळ टेबलावर ठेवलं नाही, तळहातावरच धरून उभ्या राहिल्या. "बाबांचं आहे. चंद्रावर गेलं होतं ना, तेच." ओमेगा स्पीडमास्टर, चावीचं. तक्रार एवढीच, की स्टॉपवॉचचा काटा शून्यावर परत येत नाही, दोन सेकंद पुढेच थांबतो.

झाकणावर कोरलं होतं: चंद्रावर घातलं गेलेलं पहिलं घड्याळ. हे वाचलं की मी सावध होतो. माणूस चंद्रावर जाऊन आल्यावरच हे कोरायला लागले, म्हणजे ज्याच्या पाठीवर ते आहे ते अपोलो 11 मधलं नसणार. त्या तिघांच्या स्पीडमास्टरांत 321 मशीन होतं. झाकण उघडलं तर आत 861, ओमेगाने 1968 पासून बसवायला घेतलेलं. 321 मध्ये स्टॉपवॉच चालवायला बारीक खांबांचं एक चिमुकलं चाक असतं. 861 मध्ये त्या जागी साधा कॅम, म्हणजे खाचांची सपाट चकती, आणि तासाला 18,000 ऐवजी 21,600 ठोके. 321 बघत बसावं असं आहे, पण दुरुस्तीला मला विचाराल तर 861 बरं.

बाई जरा हिरमुसल्या. "मग आर्मस्ट्राँगच्या हातात कुठलं होतं?"

"त्यांनी आपलं यानातच ठेवलं होतं, तिथला टायमर बिघडला म्हणून. बाहेर घालून उतरले ते ऑल्ड्रिन."

मुळात 1957 साली हे निघालं ते मोटारशर्यतींसाठी. कडेवरचे वेग मोजायचे आकडे त्यासाठीच. नासाने तावूनसुलाखून 1 मार्च 1965 ला पसंत केलं, तोवर अंतराळाशी कंपनीने त्याचा संबंधही जोडला नव्हता.

काटा उपसताना कळलं, तो आधी कुणीतरी काढून घाईत परत बसवलाय. डायलवर मध्यभागी बारीक ओरखडाही होता. मग डोळ्याला भिंग लावून सहाच्या खाली पाहिलं. त्या काळच्या डायलवर 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना एकेक 'टी' असतो, ट्रिटियमचा, म्हणजे डायल अंधारात चमकवणाऱ्या किरणोत्सारी द्रव्याचा. इथे नव्हता. डायल नंतरची, काटेही नंतरचे. संग्राहकांच्या लेखी घड्याळाची किंमत उतरली.

हे सांगणं जिवावर आलं, पण सांगितलं. ट्रिटियमचं तेज साधारण बारा वर्षांत निम्मं होतं, तीस वर्षांत डायल अंधारात जवळजवळ मेलेलीच, म्हणून कुणीतरी बदलली असेल.

"बाबांनीच," त्या म्हणाल्या. "रात्री दिसत नाही म्हणून सारखी कुरकुर चालायची. मग कुठूनतरी करून आणलं. त्यानंतर मध्यरात्री उठून आईला किती वाजले ते सांगायचे. तिने विचारलेलं नसायचं."

रिसेटचं बटण दाबून धरलं, काटा बरोबर बारावर बसवला. पाचसहा वेळा चालवून, थांबवून, परत आणून पाहिला. बरोबर शून्यावर.

"दिवा जरा घालवता का?" बाई म्हणाल्या.

घालवला.