थोरांच्या चित्रांवर रेघोट्या

लंडनच्या नॅशनल गॅलरीने समकालीन कलेसाठी नवी फेलोशिप सुरू केली, तेव्हा पहिली निवड झाली ती मुंबईत घडलेल्या नलिनी मलानी यांची. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या मलानी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मुंबईत उभारलेल्या कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हाती घेतला. चित्रकाराने फिल्मकडे वळावे, हे तेव्हा अनेकांना खटकत असे.

फेलोशिपमधून साकारलेले ‘माय रिॲलिटी इज डिफरंट’ हे प्रदर्शन २०२२ मध्ये आधी इंग्लंडमधील बाथ शहराच्या होलबर्न म्युझियममध्ये आणि २०२३ मध्ये नॅशनल गॅलरीत भरले. दालनात मूळ चित्र एकही नव्हते. भिंतींवर नऊ व्हिडिओंची प्रक्षेपणे एकमेकांत मिसळत होती. नॅशनल गॅलरीच्या संग्रहातील कॅराव्हॅज्जिओ, ब्रॉन्झिनो या जुन्या इटालियन चित्रकारांच्या चित्रांतले चेहरे, हात, वस्त्रांच्या चुण्या तेवढ्या उजळत, आणि पूर्ण चित्र ओळखू येण्याआधीच मलानींनी आयपॅडवर बोटाने काढलेल्या आकृत्या त्यांवर धावत जात. काहींना हा उद्धटपणा वाटला असेल. मला मात्र ही रेघ जुन्या ओळखीची वाटली, कारण १९९२ मध्ये नाथद्वाऱ्यातील भित्तिचित्रांच्या हेळसांडीचा निषेध म्हणून त्यांनी मुंबईच्या गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर थेट चित्रे काढली होती आणि प्रदर्शन संपताच ती पुसून टाकली होती. रेखाटणे आणि पुसणे ही तेव्हापासून त्यांच्या कामातली एकच क्रिया आहे. आयपॅडने फक्त तिचा वेग वाढवला.

मलानींनी निवडलेल्या चित्रांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते अठराव्या शतकातील चित्रकार योहान झोफानी यांनी रंगवलेले श्रीमती ओसवाल्ड यांचे व्यक्तिचित्र. निळ्या पोशाखातील ही स्त्री झाडाखाली शांत बसलेली आहे, पण तिच्या पतीची श्रीमंती गुलामांच्या व्यापारातून आलेली होती, आणि हे चित्रात कुठेच दिसत नाही. संग्रहालयात वर्षानुवर्षे लटकलेल्या अशा चित्राला प्रश्न विचारण्यासाठी बाहेरच्या कलाकाराला आत बोलवावे लागते, आणि फेलोशिपचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

तरी एक तक्रार आहेच. प्रत्येक व्हिडिओ आपल्या लयीत फिरत असल्याने दृश्यांची तीच जुळणी पुन्हा दिसत नाही. ही कल्पना मोहक असली तरी प्रतिमा इतक्या झपाट्याने सरकतात की ज्याला मूळ चित्रे आधी माहीत नाहीत, त्याच्या हाती निव्वळ चकचकाट उरतो. म्हणूनच लंडनचे प्रदर्शन मला अधिक योग्य जागी झाले असे वाटते: दालनातून बाहेर पडून त्याच इमारतीत खरा कॅराव्हॅज्जिओ पाहता येत होता आणि मलानींनी त्यातले काय उचलले व काय वगळले, हे ताडून पाहता येत होते. बाथमध्ये ही सोय नव्हती.